कॅफीनची पावडर आणि चमच्याचा धोका

परीक्षेच्या रात्री कॉफीऐवजी कॅफीनची पावडर पाण्यात ढवळून घेतली तर काय बिघडतं, शेवटी कॅफीन ते कॅफीनच, असं तुम्ही विचारलंय. बिघडतं ते मापात.

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा सोसतं. गरोदरपणात २०० च्या पुढे जाऊ नये. २४० मिलिलिटर काळ्या कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम असतं, २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये ८० च्या आसपास आणि जागरणाच्या एका गोळीत बहुधा १०० किंवा २००. कॉफी पिताना पोट भरतं, मळमळतं, हात थरथरतात आणि माणूस आपणहून कप खाली ठेवतो. पावडरीला हा लगाम नाही.

२०० मिलिग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावर मावणारी चिमूट. छोटा चमचा भरून घेतलात तर अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या) हिशेबाने सुमारे २८ कप कॉफी झाली. १२०० मिलिग्रॅम झटपट पोटात गेलं तरी आकडीचे झटके येऊ शकतात, असंही तीच संस्था सांगते. आणि स्वयंपाकघरातला काटा मोजतो ग्रॅममध्ये! त्यावर शून्य दिसत असतं तेव्हा ४०० मिलिग्रॅम पडून गेलेले असू शकतात. म्हणून मी स्पष्टच सांगतो, शुद्ध पावडर घरात आणू नका.

गोळ्यांत माप ठरलेलं असतं, तिथे लोक वेळेत चुकतात. रक्तातलं कॅफीन कळसाला पोचायला ३० ते ६० मिनिटं लागतात, जेवणानंतर आणखी उशीर. पंधरा मिनिटांत काही जाणवलं नाही म्हणून दुसरी घेतली की दोन्ही एकदम अंगावर येतात. त्यातलं निम्मं उतरायला साधारण ५ तास. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुव्होक्सामीन हे नैराश्यावरचं औषध यकृतातलं कॅफीन मोडणारं एन्झाइमच अडवतात, म्हणून ते आणखी रेंगाळतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन किंवा मिथाइलफेनिडेट (एडीएचडी या लक्ष न लागण्याच्या विकारावरचं औषध) सोबत असेल तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो. दारूबरोबर कॅफीन घेतलं की नशा कमी वाटते, रक्तातली दारू मात्र तेवढीच राहते.

मात्रा फार झाली की अ‍ॅड्रेनलीन उसळतं, रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, उलट्यांनी ते आणखी घटतं आणि हृदयाची लय बिघडते. जिवावर बेततं ते इथे.

छातीत दुखणं, ठोके चुकणं, न थांबणाऱ्या उलट्या, असंबद्ध बडबड, झटका, यांतलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. चमचाभर पावडर गेली असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. मुद्दाम उलटी करवू नका. त्याच वेळी झटका आला तर ती फुप्फुसात जाते. झटका आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका.

पोटातलं कॅफीन शोषून घेणारा औषधी कोळसा पहिल्या तासाभरात दिला तर जास्त उपयोगी पडतो. पण उशीर झाला म्हणून घरी थांबू नका: झटके औषधांनी आवरता येतात आणि कॅफीन डायलिसिसने रक्तातून काढता येतं. डबा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. किती घेतलं, किती वाजता घेतलं आणि त्याबरोबर दुसरं काय घेतलं, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. ते दुसरं बेकायदा असलं तरीही सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात.