लहान विमानात वैमानिक एकटाच असेल, तर एका बाजूला जास्त वजन होऊन विमान कलत नाही का?

कलतं, पण अगदी थोडं. सेसना १७२ मध्ये वैमानिक डावीकडे बसतो, तरी मध्यरेषेपासून तो जेमतेम हातभर दूर असतो. कंट्रोल किंचित उजवीकडे दाबून धरलं की काम भागतं. पायपर चेरोकीत इंधन एका वेळी एकाच पंखातल्या टाकीतून येतं, म्हणून एकटे असताना आधी डावी टाकी वापरली की तेवढाच भार हलका होतो.

खरी काळजी घ्यायची ती पुढे-मागे जाणाऱ्या गुरुत्वमध्याची, म्हणजे विमानाचं सगळं वजन ज्या बिंदूवर तोललं जातं त्याची. पायपर जे-३ कबमध्ये एकामागे एक अशा दोन सीट असतात आणि इंधनाची टाकी पुढे, इंजिनामागे. म्हणून एकटा वैमानिक मागच्या सीटवरच बसतो. पुढे बसला तर नाक जड होतं आणि उतरताना ते वर उचलायला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) कमी पडू शकतो.

त्यामुळे एकटे असलात तरी प्रत्येक वजन गुणिले ठरलेल्या बिंदूपासून त्याचं अंतर हा हिशोब त्या विमानाच्या हँडबुकमधून कराच. गुरुत्वमध्य फार पुढे येत असेल, तर मागच्या सामानकप्प्यात वजन ठेवता येतं, मात्र घट्ट बांधून. उड्डाणात ते सरकलं तर परिस्थिती फार गंभीर होते.