जुनं लोन डीलर फेडणार होता, आता फोन मला येतायत

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी जुनी गाडी एक्सचेंजला देऊन दुसरी सेकंडहँड घेतली. जुन्या गाडीचं उरलेलं लोन आम्ही भरतो असं डीलर म्हणाला होता, पण आता थकलेल्या हप्त्यांसाठी मला फोन येतायत. नवीन लोनच्या फॉर्मची कॉपी मागवली तर त्यात माझं उत्पन्न जवळपास दुप्पट आणि मी न दिलेलं डाउन पेमेंट दाखवलंय. ही चूक की फसवणूक? मी अडकेन का?

उत्तर: एखादा आकडा चुकला असता तर चूक म्हटलं असतं. तुमचे दोन्ही आकडे लोन पास होईल अशाच बाजूला चुकलेत, त्यामुळे मला तरी ही चूक वाटत नाही.

आधी जुनं लोन. ते तुमच्या नावावर आहे, त्यामुळे डीलर तोंडी काय म्हणाला त्याच्याशी फायनान्सवाल्यांना देणंघेणं नाही. डीलर असं का करतात? यार्डातल्या बऱ्याच गाड्या डीलरने स्वतः घेतलेल्या लोनवरच उभ्या असतात, एक गाडी विकली की तिचे पैसे ठरलेल्या दिवसांत फायनान्सरला द्यायचे असतात, पण हात आखडला की ते दुसरीकडेच फिरवले जातात, म्हणजे ह्याची टोपी त्याला. फायनान्सरकडून तपासणीला येणारा माणूस यादी घेऊन एकेका गाडीचा चेसिस नंबर बघतो आणि नसलेली गाडी हमखास 'टेस्ट ड्राइव्हला गेलीय' असते! मुरलेला ऑडिटर मग गाडी परत येईपर्यंत तिथेच बसून राहतो. कधी एकच गाडी दोन फायनान्सरकडे तारण निघते.

आता फॉर्म. इथे फायनान्स कंपनीपण फसलीय, म्हणून तिला लवकर कळवणं तुमच्याच फायद्याचं. कोऱ्या फॉर्मवर सही केली होती का, हे आधीच खरं सांगून टाका, कारण पहिला प्रश्न तोच येणार. तपासणारे एका फाइलवर थांबत नाहीत, त्याच डीलरच्या बाकीच्या फाइली काढतात, मग दिसतं की वेगवेगळ्या ग्राहकांच्या ऑफिसचा फोन नंबर एकच आहे, पगार सगळे गोल आकड्यात, आणि कितीतरी जणांचा पहिलाच हप्ता बाउन्स. गाडीला सनरूफ नाही पण कागदावर आहे, असंही करतात, किंमत फुगली की लोन जास्त मिळतं.

एवढं करताच आहात तर तुमची गाडीपण बघून घ्या. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटरवर जेमतेम १८,००० किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा दोन-तीन वर्षांनी नवे, ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरच्या रीडिंगशी ताडून बघा.

तुमच्याकडची कॉपी आणि फायनान्सवाल्यांकडची कॉपी शेजारी ठेवून फरकावर खुणा करा, दोन्ही फायनान्स कंपन्यांना लेखी तक्रार द्या, पोलिसांकडेही. ओरिजिनल कागद कुणाच्या हातात देऊ नका, नवीन लोनचा हप्ता रागाने थांबवू नका. आणि डीलर 'या, बसून मिटवू' म्हणाला तर काय मिटवायचंय ते मेसेजवर लिहून पाठव म्हणा.