नॉर्वेत एवढ्या इलेक्ट्रिक कार दिसतात, त्या सरकारने दिलेल्या सबसिडीमुळेच ना?

नाही, रोख सबसिडीपेक्षा करमाफीमुळे. तिथे पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाडीवर जबर नोंदणी कर आणि वर २५ टक्के व्हॅट बसतो. इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी कर १९९० पासून आणि व्हॅट २००१ पासून माफ झाला. त्यामुळे शोरूममध्ये दोन्ही गाड्यांच्या किमती जवळपास सारख्या येऊ लागल्या आणि 'महाग आहे' ही पहिलीच अडचण गळून पडली. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या.

पैशाइतकाच रोजच्या सोयीचाही वाटा मोठा, आणि माझ्या मते त्याची चर्चा फार कमी होते. नंबर प्लेटवर 'ईएल' ही इलेक्ट्रिक गाडीची अक्षरं असली की टोल माफ होता, शिवाय बसच्या लेनमधून जायची मुभा होती. सकाळी ऑस्लोकडे जाताना शेजारची रांग जागच्या जागी उभी आणि ईएलवाला पुढे निघून जातोय, हे रोज पाहणाऱ्याला वेगळी जाहिरात लागत नव्हती. (गर्दी वाढल्यावर या सवलती आखडल्या, २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅटही लागू झाला.) त्यात बहुतेक घरं विजेवरच गरम होतात, म्हणजे दमदार वीजजोडणी आधीपासून होती. बरेच लोक स्वतंत्र घरात राहत असल्याने रात्री दारातच चार्जिंग होतं.

मात्र हे जसंच्या तसं कुठेही चालेल असं नाही. मुळात पेट्रोल गाडीवर एवढा कर असेल, तरच माफीचा फरक जाणवतो.