परळच्या टॉवरमध्ये ३१व्या मजल्यावर घर घ्यावं का? माझा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंबिवलीचं घर विकून परळला ४२ मजली टॉवरमध्ये ३१व्या मजल्यावर ९०० चौरस फूट कार्पेटचा रीसेल फ्लॅट बघताय. मेंटेनन्स चौरस फुटाला २२ रुपये. सोबत ७४ वर्षांचे बाबा, ज्यांचे गुडघे दुखतात, पण रोजची भाजी आणायला ते स्वतः जातात. एवढे पैसे भरून 'सगळ्या सोयी' खरंच मिळतात का आणि बाबा तिथे रमतील का, हे तुम्ही विचारलंय.

मी त्याच भागात एका टॉवरमध्ये २६व्या मजल्यावर २०१४ पासून राहते. चार वर्षं कमिटीत खजिनदार होते. त्याआधीचं सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकते.

आधी पैसे. २२ गुणिले ९०० म्हणजे १९,८००, एवढाच आकडा एजंटने सांगितला असेल. महिन्याचा मेंटेनन्स ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांहून जास्त असली की १८ टक्के जीएसटी लागतो. तुमच्या आकड्यावर तो ३,५६४ होतो. म्हणजे महिन्याला २३,३६४, वर्षाला दोन लाख ऐंशी हजार. मालमत्ता कर वेगळा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून तो माफ आहे, तुमचं घर त्यात बसत नाही. गृहकर्जाचा हप्ता संपला तरी हा खर्च संपत नाही आणि दर दोन-तीन वर्षांनी वाढतो. बाबांची पेन्शन आणि तुमचा एक पगार एवढ्यात तो भागेल का, हा हिशेब आजच मांडा.

'चौरस फुटाला २२' हे वाचून मी थबकले. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क (मेंटेनन्समधला मोठा भाग) सगळ्या सदनिकांना सारखं असतं, घर लहान असो वा मोठं. १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली इमारत असेल, तर मात्र जमीन आणि सामाईक जागांमधल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात खर्च वाटला जातो. मग चौरस फुटाने आकारणी होते, याचा अर्थ इमारत त्या अपार्टमेंट कायद्याखाली आहे, की अजून बिल्डरच कारभार बघतोय, की सोसायटीने तसा ठराव केलाय? हा पहिला प्रश्न विचारा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, नोंदलेल्या प्रकल्पात ५१ टक्के घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटी नोंदवण्याची जबाबदारी बिल्डरची असते. लोक राहायला येऊन चार वर्षं झाली आणि सोसायटी नाही असं कळलं, तर कारण नीट समजून घ्या. आमच्याकडे ताबा देतानाच दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला होता. त्याचा हिशेब मिळायला आम्हाला पुढची तीन वर्षं लागली, आणि तो मिळाला तेव्हा लिफ्टच्या मोठ्या दुरुस्तीसाठी शिल्लक काहीच नव्हती. त्या वर्षी प्रत्येक घराला जादा रक्कम भरावी लागली. म्हणून मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती आहे ते बघा, आणि थकबाकीदार किती आहेत तेही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिचं इतिवृत्त वाचायला मिळालं तर फारच उत्तम. कोण कशावरून भांडतंय हे त्यात उघड दिसतं, आणि इमारतीचं खरं दुखणं तिथेच कळतं.

आता 'सगळ्या सोयी'. फ्लॅट दाखवताना तुम्हाला पोहण्याचा तलाव, जिम, क्लब हाउस दाखवलं असेल. माझं म्हणणं, पंपरूम बघायला मागा. महापालिकेचं पाणी ठरावीक तास येतं. ते जमिनीखालच्या टाकीत साठवायचं, पंपाने वर चढवायचं, आणि खाली उतरताना दाब इतका वाढतो की मध्ये तो कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. त्यातला एक बिघडला की खालच्या मजल्यांवरचे नळ फुटायला येतात, नाहीतर काही मजल्यांना बारीक धार मिळते. फ्लशचं पाणी बहुतेक ठिकाणी तळघरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून येतं. ते केंद्र नीट चालत नसलं की बाथरूममध्ये वास येतो, हे तुम्हाला दुपारच्या पाच मिनिटांच्या फेरीत कळणार नाही. म्हणून फ्लश करून बघा, सगळे नळ एकदम सोडून बघा. पंपरूम स्वच्छ, कोरडी आणि भिंतीवर रोजच्या नोंदींची वही टांगलेली असेल, तर ती इमारत चांगल्या हातात आहे असं मी डोळे मिटून म्हणेन.

जनरेटर कशाकशाला आहे, हेही विचारा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. आमच्याकडे जनरेटरवर एक लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे होते, घरातला एकही पॉइंट नव्हता. शेजारच्या काकांना घरी ऑक्सिजन लावलेला. त्यांच्या यंत्रासाठी आम्ही पॅसेजमधल्या कॉमन पॉइंटवरून वायर ओढली. त्यानंतर सभेत ठराव करून प्रत्येक घरात एक पॉइंट जनरेटरवर घेतला. तुमच्याकडे वयस्कर माणूस आहे, म्हणून हे आवर्जून सांगते.

लिफ्टबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय, कारण टॉवरमधला दिवस लिफ्टवर बेतलेला असतो. आमच्याकडे १५२ घरांना तीन लिफ्ट आणि एक सर्व्हिस लिफ्ट. सकाळी साडेसात ते साडेनऊ शाळेची मुलं, ऑफिसला जाणारे, घरकामाला वर येणाऱ्या बायका, दूधवाला, पेपरवाला, सगळे एकाच वेळी. एका पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरून एक लिफ्ट १९ दिवस बंद होती, सुटा भाग बाहेरून यायचा होता. त्या १९ दिवसांत मी रोज २५ मिनिटं आधी निघत होते. घर बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी आठला ३१व्या मजल्यावर उभ्या राहा, बटण दाबा आणि घड्याळ बघा.

आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघा, कामाला येणारी माणसं कुठल्या लिफ्टने जातात. आमच्याकडे घरकामाच्या बायकांना फक्त सर्व्हिस लिफ्ट असा नियम होता. तीच लिफ्ट कचऱ्याला, फर्निचरला, कुत्र्यांना. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना गेटवरची नोंद, मोबाइलवरून माझी परवानगी आणि मग त्या लिफ्टची रांग, हे करता करता दारापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागायची. दिवसाला चार घरं म्हणजे रोजचा तासाहून जास्त वेळ, बिनपगारी. शिवाय खाली त्यांच्यासाठी शौचालय नव्हतं. मी चाळीत वाढले, माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ज्या जमिनीवर आज हे टॉवर आहेत तिथल्याच भोंग्यावर आमची घरं जागी व्हायची. त्याच जागेवर, त्याच वस्तीतल्या बायकांनी वेगळ्या दाराने जावं, हे मला सहन झालं नाही. दोन सभा वादात गेल्या. तिसऱ्या सभेत ठराव झाला की सगळ्या लिफ्ट सगळ्यांना, आणि तळमजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी शौचालय, पिण्याचं पाणी आणि बसायला जागा. 'सगळ्या सोयी' म्हणजे शेवटी ही माणसंच. त्यांना इमारत कशी वागवते ते बघा. जिथे सुरक्षारक्षक दर दोन महिन्यांनी बदलतो, तिथे तुमच्या बाबांना चक्कर आली तर ते कोणत्या घरातले हे कोणालाच ठाऊक नसेल. आमच्या रात्रपाळीच्या रक्षकाला माझ्या आईच्या डॉक्टरांचा नंबर पाठ आहे. तो सात वर्षं इथेच आहे, कारण त्याचा पगार आम्ही वेळेवर आणि नीट देतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या एका साठ मजली टॉवरला आग लागली, १९व्या मजल्यावर. त्यात जीव गेला तो एका तरुण सुरक्षारक्षकाचा, बाल्कनीला लोंबकळत असताना हात सुटून. ते दृश्य त्या दिवशी साऱ्या मुंबईने टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही आमच्या जिन्यांची पाहणी केली, आणि आग रोखणारे निम्मे दरवाजे विटा लावून उघडे ठेवलेले सापडले. म्हणून फ्लॅट बघताना जिन्याने चार मजले उतरा. चपलांचे रॅक, सायकली, जुन्या गाद्या दिसल्या तर समजा, आगीत बाहेर पडायची वाट अडलेली आहे. साधारण दर सात मजल्यांनी आश्रयमजला असतो, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची जागा, तो मोकळा आहे का बघा. काही ठिकाणी तिथे टेबल टेनिस किंवा गोदाम थाटलेलं असतं. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर मी तरी ते घर घेणार नाही. ३१व्या मजल्यावर, गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर, हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायची परवानगी, ओसी) पूर्ण इमारतीचं आहे की काही मजल्यांचं ते तपासा. विक्रेत्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. हस्तांतर शुल्क म्हणून सोसायटी २५,००० रुपयांहून जास्त मागू शकत नाही, 'ऐच्छिक देणगी' या नावाने मागितलं तरी नाही म्हणा. पार्किंगचं वाटपपत्र बघा, आणि पार्किंग यांत्रिक असेल तर गाडी बाहेर काढायला किती वेळ लागतो ते प्रत्यक्ष पाहा.

आता ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या. उंचावर पाऊस आडवा येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या खिडक्या उघडता येत नाहीत आणि स्लायडिंगच्या खाचेतून पाणी आत येतं. खिडकीखालची भिंत हाताने चाचपून बघा. रंग नवा आणि भिंत गार लागली तर ओल दडवलेली असू शकते. कपडे बाहेर वाळत घालायला बहुतेक टॉवरमध्ये बंदी असते, इमारतीचं रूप बिघडतं म्हणून. मग पावसाळ्यात चार माणसांचे कपडे हॉलमध्ये पंख्याखाली. वाळवणं घालायची सवय असेल तर तीही सोडावी लागते, गच्चीला कुलूप असतं. आणि उंच गेलं की शांतता मिळते हा गैरसमज आहे. लोकलचा आवाज २६व्या मजल्यावर स्वच्छ येतो. गणपतीत लालबाग-परळला दहा दिवस रस्ते माणसांनी भरतात, गाडी बाहेर काढायचा विचारच करायचा नाही. मला ते दहा दिवस हवेसे वाटतात, तुम्हाला वाटतील का ते तुम्ही ठरवा. मोठ्या पावसात जवळचा हिंदमाताचा सखल भाग तुंबतो, त्या दिवशी वरून सगळं दिसतं आणि खाली उतरता येत नाही.

बाबांचं सांगते. माझी आई ७० व्या वर्षी चाळीतून आमच्याकडे आली. पहिले तीन महिने ती खिडकीत बसून होती. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं, इथे समोरच्या घरातलं कोणी महिनाभर दिसलं नाही. क्लब हाउसमध्ये ज्येष्ठांचा गट होता, पण ती बुजायची. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीतल्या, बागेत संध्याकाळी पाचला बायका जमायच्या, तिथे तिने एकदा थालीपीठं नेली. दुसरी, लालबागचा बाजार चालत जाण्याजोगा होता आणि तिथले दुकानदार तिच्या ओळखीचे. तुमच्या बाबांना इथे ओळखीचं कोणी नाही, पण केईएम आणि टाटा हॉस्पिटल जवळ आहेत, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, शिवाजी मंदिरला नाटकं आहेत. घराबाहेर पडण्याची हौस असलेल्या माणसाला परळ भरभरून देतं. अडचण असते ती बाहेर पडेपर्यंतच्या वाटेची. आमच्या दारापासून गेटबाहेरच्या भाजीवाल्यापर्यंत ११ मिनिटं लागतात, त्यात लिफ्टची वाट पाहणं, पोडियम आणि गाड्यांचा उतार आला. त्या उतारावर पावसात पाय घसरतो, आईसाठी आम्ही कठडा बसवून घेतला.

शक्य असेल तर त्याच इमारतीत एक पावसाळा भाड्याने राहून बघा, दोघी-तिघांनी असं केलेलं मला माहीत आहे आणि एकीने घर घेण्याचा विचार सोडला. ते जमणार नसेल तर निदान एका कामाच्या दिवशी सकाळी बाबांना तिथे घेऊन जा. त्यांच्या हातात त्यांची नेहमीची पिशवी द्या आणि ३१व्या मजल्यावरून भाजी आणायला एकट्याला पाठवा. तुम्ही वरच थांबा. परत येऊन ते काय म्हणतात ते ऐका, आणि मगच टोकन द्या.