पंडिता रमाबाईंचं केडगावचं काम फक्त धर्मांतरासाठी होतं का?

नाही, कारण स्त्रियांसाठीचं त्यांचं काम बाप्तिस्म्याच्या आधीच सुरू झालं होतं. 1882 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार व्हायला हव्यात, अशी मागणी केली. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला तो 1883 मध्ये. विधवांसाठी शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन या मुली-बायकांमुळेच वाढलं. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती, छपाई शिकवत. बाई स्वतःच्या पायांवर उभी राहावी, हा हट्ट त्यात स्पष्ट दिसतो, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

मात्र श्रद्धा बाजूला ठेवून हे काम समजणार नाही. शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील असं ठरलं होतं, पण मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून वाद पेटला आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार समितीतून बाहेर पडले. मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली.