‘बाय-रॅड्स ०’ आलंय: सहा महिने थांबायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, त्रास काहीच नाही, पहिलीच मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे). रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला ‘फोकल असिमेट्री’, घनता ‘सी’ आणि शेवटी ‘बाय-रॅड्स ०’. पुन्हा बोलावलंय. सहा महिन्यांनी गेलं तर चालेल का, की रक्ताच्या तपासणीवर भागेल?

दोन्हीला उत्तर ‘नाही’. आणि घाबरायचंही कारण नाही, निदान अजून तरी.

बाय-रॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल आकड्यात सांगायची ठरलेली पद्धत. तिचे १ ते ५ हे आकडे चढत्या संशयाचे असतात. (६ म्हणजे कॅन्सर आधीच बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासून, सिद्ध झालेला आहे.) शून्य या शिडीवर बसतच नाही. ‘एवढ्या फिल्मवरून सांगता येत नाही, आणखी चित्रं हवीत’ इतकाच त्याचा अर्थ. तुमचा रिपोर्ट वाईट नाही, अर्धवट आहे. सहा महिन्यांची मुदत असते ती ३ या आकड्याला, आणि ३ द्यायचा तो पुढची चित्रं काढून झाल्यावर. तुम्ही ती पायरी गाळायला निघाला आहात.

स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे त्रास नसताना केलेल्या तपासणीत, प्रत्येक स्तनाची दोनच चित्रं काढतात, एक वरून आणि एक तिरकं बाजूने. फोकल असिमेट्री म्हणजे दोन्ही चित्रांत दिसणारी, पण गाठीसारखी ठळक कड नसलेली पांढुरकी जागा. ग्रंथींचे पदर एकावर एक आले की असं बऱ्याचदा दिसतं. जुनी फिल्म असती तर ‘हे आधीपासून असंच आहे’ म्हणून तिथेच निकाल लागला असता. पहिल्या मॅमोग्राफीनंतर परत बोलावण्याचं प्रमाण जास्त असतं ते यामुळेच. परत बोलावलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर निघत नाही.

परत गेल्यावर तेवढ्याच भागावर छोटी पट्टी दाबून चित्र घेतात. पदर असतील तर ते पसरतात आणि डाग विरघळतो. खरी गाठ असेल तर ती तशीच राहते, उलट तिची कड स्पष्ट होते. संशय चुन्याच्या बारीक कणांचा असेल तर मोठं करून चित्र घेतात. सोबत त्याच जागेची सोनोग्राफी होते. पाण्याची साधी गाठ असेल तर ती तिथल्या तिथे कळते आणि प्रकरण २ वर, म्हणजे ‘निरुपद्रवी’ म्हणून मिटतं.

३ आला तर कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. साधारण ६, १२ आणि २४ महिन्यांनी पुन्हा चित्रं काढतात. यातली एखादी भेट चुकवली तर ३ देण्याला अर्थच उरत नाही, कारण जागा बदलते की नाही यावरच तो आकडा उभा असतो. ४ आला तर मात्र अक्षर विचारा. नुसता ४ म्हणजे २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत काहीही. ‘४ए’ म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, ‘४बी’ ५० पर्यंत, ‘४सी’ त्यापुढे. ५ म्हणजे ९५ किंवा जास्त. ४ आणि ५ दोन्हींना बायोप्सी लागते.

बायोप्सी म्हणजे शक्यतो कोअर बायोप्सी: जागा बधिर करून जाड सुईने काही तुकडे घेतात, टाके लागत नाहीत. बारीक सुईच्या तपासणीत फक्त सुट्या पेशी मिळतात. रोग दुधाच्या नलिकेतच आहे की बाहेर पसरलाय हे त्यावरून ठरत नाही. निदानासाठी थेट ऑपरेशन सुचवलं तर ‘आधी कोअर का नको?’ हे जरूर विचारा. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो म्हणून बायोप्सी टाळू नका. या भीतीपायी उशीर झाला तर तोच महागात पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि फिल्म ५ म्हणत असताना बायोप्सी ‘काही नाही’ म्हणाली, तर बायोप्सी पुन्हा करायची. सुई बाजूने गेलेली असू शकते.

घनता ‘सी’ म्हणजे फिल्मवर चरबीच्या मानाने ग्रंथींचा भाग बराच दिसतो. तो आजार नाही, आणि हाताला स्तन घट्ट लागण्याशीही त्याचा संबंध नाही. फिल्मवर चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढरी आणि गाठही पांढरी. त्यामुळे गाठ लपू शकते. सोनोग्राफी जोडली तर थोड्या गाठी जास्त सापडतात, पण फुकटच्या बायोप्सीही वाढतात.

सीए १५-३ ही रक्ततपासणी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुधा नॉर्मलच येते. थर्मोग्राफीही (त्वचेच्या उष्णतेवरून काढलेलं चित्र) मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्र नव्याने आत ओढलं असेल, एकाच बाजूने आपोआप रक्ताळ स्राव येत असेल किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल, तर ते स्क्रीनिंग राहत नाही. अशा वेळी मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी तपास थांबवायचा नाही. चित्र काढणाऱ्या तंत्रज्ञांना जागा बोटाने दाखवा, म्हणजे ते तिथे खूण चिकटवतील.

जाताना काखेत डिओडरंट किंवा पावडर नको. त्यातले कण फिल्मवर चुन्यासारखे दिसतात. पाळीनंतरच्या आठवड्यात दुखतं कमी, पण त्यासाठी मिळालेली तारीख पुढे ढकलू नका. पहिल्या तपासणीची सीडी सोबत न्या. नुसता कागदावरचा प्रिंट चालत नाही, डायकॉम फाइल्स, म्हणजे मशीनमधली मूळ डिजिटल चित्रं, मागून घ्या.