मैत्रिणीची वही तपासताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनच्या वर्गात एकमेकींचे लेखन तपासायला सांगितल्यापासून तुला संकोच वाटतो आहे. मलाच धड येत नाही, मी दुसरीचे काय तपासणार, असे तू लिहितेस. पण या कामाचा मोठा लाभ तपासणाऱ्यालाच होतो. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिक विद्यार्थ्यांवरील लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ इतरांचे लेखन तपासणाऱ्यांचे स्वतःचे लेखन, केवळ अभिप्राय मिळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले, आणि हा फरक नवशिक्यांमध्ये जास्त दिसला.

मात्र तपासायचे कसे, हे महत्त्वाचे. 'आज'ने वाक्य सुरू केले, की मराठीच्या सवयीने लगेच 'मी' येतो आणि मैत्रीण 'हॉयटं इश फारं' (आज मी जाते) असे लिहून मोकळी होते. क्रम बदलून देऊ नकोस. क्रियापदाखाली रेघ ओढ आणि समासात विचार, 'मुख्य वाक्यात हे कितव्या जागी यायला हवे?' मग मैत्रीण जागा मोजून, क्रियापद दुसऱ्या जागी आणून 'हॉयटं फारं इश' असे स्वतः लिहील. आणि तो प्रश्न विचारण्यापूर्वी नियम पडताळून पाहावा लागल्याने तुझाही तो पक्का होईल.

एक धोका मात्र आहे. तुम्हा दोघींची घरची भाषा अहिराणी आणि शिक्षण मराठीतले, त्यामुळे एकीला जे खटकत नाही ते दुसरीलाही खटकणार नाही. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, तेव्हा स्त्रीलिंगी, असे दोघी बिनदिक्कत ठरवाल. जर्मनमध्ये तो शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून नामाचे लिंग शब्दकोशात पाहावे आणि एकमत झालेल्या वाक्यांपैकीही काही वर्गातल्या शिक्षकांना दाखवावीत.

गुण देऊ नका. शिरपूर-अमळनेरकडून एकाच एसटीने येणाऱ्या मुली एकमेकींना कमी गुण देणार नाहीत, आणि दिलेच तर अबोला धरतील, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मैत्रिणीला शिकवताना नियम अहिराणीत खुशाल समजावून सांग, त्यात कमीपणा मुळीच नाही. संभाषणाचा सराव मात्र जर्मनमध्येच व्हावा. मैत्रीण मागे असली तरी निदान शब्दसंग्रहाचा भाग तिने तुला शिकवावा, म्हणजे कायमची शिष्या होण्याची पाळी तिच्यावर येणार नाही. पहिल्या आठवड्यात एकच परिच्छेद घ्या आणि अडलेली वाक्ये मला लिहून पाठव.

तुझा,
सर